पुन्हा उठणारं मॉडेल आधी 'डिस्ट्रॉय' झालं की नाही? (वॉरहॅमर ४०,०००, कार्डाचा अर्थ)

मोजपट्टी

वॉरहॅमर ४०,०००, म्हणजे छोट्या मॉडेल्सचा टेबलावरचा युद्धखेळ; दहावी आवृत्ती, म्हणजे २०२३ चे नियम. कॅम्पेन घरचंच आहे आणि त्यातली बक्षिसाची कार्डं आमच्यातल्याच एकाने लिहिली आहेत, पण साचा डेटाशीटवर (युनिटच्या नियमांचा छापील कागद) असतो तोच. माझ्या वॉकरला (पायांवर चालणारं यंत्र, नियमांत व्हेइकल) मिळालेलं कार्ड शब्दशः देतो (डिस्ट्रॉय म्हणजे नष्ट, डी६ म्हणजे सहा बाजूंचा फासा, २+ म्हणजे दोन किंवा जास्त, वूंड म्हणजे मॉडेलचे प्राण, एंगेजमेंट रेंज म्हणजे हातघाईचं अंतर):

«हे मॉडेल पहिल्यांदा डिस्ट्रॉय होईल तेव्हा, त्या फेजच्या शेवटी एक डी६ टाका. २+ आल्यास ते जिथे डिस्ट्रॉय झालं त्या जागेच्या शक्य तितकं जवळ, शत्रूच्या एंगेजमेंट रेंजबाहेर, ३ वूंड शिल्लक ठेवून पुन्हा मांडा.»

समोरच्याच्या कॅप्टनचं कार्ड (मेली म्हणजे हातघाईची):

«या मॉडेलने शत्रूचं व्हेइकल किंवा मॉन्स्टर डिस्ट्रॉय केलं की दर वेळी, लढाई संपेपर्यंत, त्याच्या मेली हत्यारांच्या अटॅक्समध्ये १ ची भर घाला.»

त्याच्या फाइट फेजमध्ये, म्हणजे टर्नच्या हातघाईच्या टप्प्यात, कॅप्टनने वॉकर पाडला. त्याचे दोन अटॅक उरले होते, ते वाया गेले. वॉकरला डेडली डिमाइज डी३ आहे, म्हणजे तो पडला की फासा टाकायचा, सहा आला तर सहा इंचांतल्या प्रत्येक युनिटला एक ते तीन वूंडांचं नुकसान. तो म्हणाला, डिमाइजचा फासा आत्ता टाक, आणि माझा एक अटॅक वाढला. मी म्हटलं, थांब, फेज संपू दे, उठला तर मेला कुठे? कार्ड आहेच त्याला वाचवायला. बरीच हुज्जत झाली, मग फासा टाकून ठरवलं आणि तो जिंकला. डिमाइजला नेमका सहा आला. भोवती सहा इंचांत त्याच्या कॅप्टनशिवाय माझीही दोन युनिट होती. फेजच्या शेवटी वॉकर ४ वर उठला, म्हणजे तो उभा आणि आजूबाजूचे अर्धे आडवे.

झालेला खेळ मला फिरवायचा नाही. बरोबर अर्थ कोणता, आणि परत मेला तर हे सगळं पुन्हा होणार का, एवढंच सांगा.

षट्कोनी

मेला. कार्डावरच 'डिस्ट्रॉय होईल तेव्हा' लिहिलंय. तो डिस्ट्रॉय झाला नसेल तर तुम्ही फेजच्या शेवटी डी६ कोणत्या हक्काने टाकलात?

आळशी रंगारी

असं वाचायला लागलो तर कशातच मजा राहणार नाही. कार्डाचा हेतू उघड आहे: वॉकर एकदा वाचावा. समोरच्याला बक्षीस पण द्यायचं आणि आपल्याच लोकांना उडवायचं पण, हे कसलं वाचणं? पाच मिनिटांनी उभं राहणाऱ्याला मेलेला म्हणत नाहीत, बेशुद्ध म्हणतात.

षट्कोनी

बेशुद्ध हा कीवर्ड दाखवा, लगेच मान्य करतो.

जुनं प्यादं

षट्कोनी बरोबर आहेत, पण एका वाक्यात सांगितलं की ते आडमुठेपणाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर.

मॉडेल वाचवणाऱ्या नियमांच्या या खेळात दोन-तीन वेगवेगळ्या जातकुळी आहेत. पहिली, नुकसान होऊच न देणारी. फील नो पेन घ्या. वूंड जाणार असते, तेवढ्यात फासा टाकायचा. पुरेसा आला तर ती वूंड गेलीच नाही. घडलेलं काहीच नाही, त्यामुळे 'वूंड गेली की' असं लिहिलेलं दुसरं काही चालू होत नाही. दुसरी, बदली करणारी: अमुक होण्याऐवजी तमुक. तिसरी, आधी घडू देते आणि मग परत आणते. तुमचं कार्ड तिसरीतलं आहे. त्यात 'ऐवजी' नाही, 'डिस्ट्रॉय होत नाही' असंही नाही. 'पुन्हा मांडा' आहे. टेबलावर असलेली गोष्ट कोणी पुन्हा मांडत नाही.

रंगारीबुवांचा खरा अडथळा वेगळा आहे. डिस्ट्रॉय होणं म्हणजे कायमचं संपणं, असं त्यांनी धरलंय. नियमांत तसं कुठेच धरलेलं नाही. मेल्यावर लढायची मुभा देणारी जी अॅबिलिटी अनेक डेटाशीटवर दिसते, ती आठवा: मॉडेल मेली अटॅकने डिस्ट्रॉय झालं, या फेजमध्ये लढलं नसेल, फासा पुरेसा आला, तर ते उचलू नका, समोरच्या युनिटचे अटॅक संपले की 'डिस्ट्रॉय झालेलं मॉडेल' लढेल आणि मग उचललं जाईल. म्हणजे मेलेलं मॉडेल टेबलावर उभं राहून तलवार चालवतं, आणि नियम त्याला त्या क्षणीसुद्धा डिस्ट्रॉय झालेलंच म्हणतो. डेडली डिमाइजचंही तसंच. मॉडेल डिस्ट्रॉय झाल्यावर, पण टेबलावरून उचलण्याआधी फासा टाकायचा असतो. डिस्ट्रॉय होणं ही एक घटना, उचललं जाणं ही दुसरी. परत येणं तिसरी, आणि तिसरीमुळे पहिली पुसली जात नाही.

म्हणून: डिमाइजचा फासा लगेच, कॅप्टनचा अटॅक लगेच, फेजच्या शेवटी वॉकरचा डी६. पुन्हा मेला तर पहिल्या दोन गोष्टी पुन्हा, तिसरी नाही, कारण 'पहिल्यांदा' फक्त तिसरीवर लिहिलंय.

आळशी रंगारी

मेल्यावर लढणाऱ्यांचं मान्य. पण ती वेगळी अॅबिलिटी आहे. एका डेटाशीटवरचं वाक्य दुसऱ्या कार्डाला का लागू व्हावं? प्रत्येक कार्ड स्वतःपुरतं बोलतं ना?

जुनं प्यादं

परिणाम स्वतःपुरते. शब्द सगळ्यांचे. 'डिस्ट्रॉय' या शब्दाचा अर्थ प्रत्येक पानावर बदलायला लागला तर कोअर रूल्स, म्हणजे खेळाचे मूळ नियम, कशाला छापायचे?

टीपकागद

इथे एक वाक्य कोणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. कोअर रूल्समध्येच आहे. टर्नच्या शेवटी युनिट कोहिअरन्समध्ये (मॉडेल्स एकमेकांच्या ठरावीक अंतरात) नसेल तर जमेपर्यंत एकेक मॉडेल काढायचं. अशी काढलेली मॉडेल्स डिस्ट्रॉय झाली असं धरायचं, पण मॉडेल डिस्ट्रॉय झाल्यावर चालू होणारे नियम त्यांच्यामुळे चालू होत नाहीत.

म्हणजे 'डिस्ट्रॉय तर झालं, पण त्यावरचं काही चालू करू नका' हे जिथे हवं होतं, तिथे लिहिणाऱ्यांनी ते सरळ लिहिलं. पुन्हा उठणाऱ्या साच्यात तसं वाक्य नाही. नसणं हाच पुरावा.

फाशांचा धनी

टीपकागद, हा युक्तिवाद मला कधीच पचलेला नाही. 'तिथे लिहिलं, इथे नाही, म्हणजे इथे उलटं' असं म्हणायला दोन्ही वाक्यं एकाच हाताने, एकाच वेळी, एकमेकांकडे बघून लिहिलेली असावी लागतात. कोअर रूल्स एका चमूने घासूनपुसून लिहिलेले असतात, आणि तुमचं कार्ड एका माणसाने कॅम्पेनच्या आदल्या रात्री लिहिलंय. त्याने कोहिअरन्सचा परिच्छेद वाचला होता, हे कशावरून? शिवाय अर्धी कंसातली वाक्यं नुसती आठवण करून देण्यासाठी असतात. एका ठिकाणी आठवण करून दिली म्हणून दुसरीकडे नियम बदलत नाही.

निकाल तुमचाच बरोबर आहे. पण तो प्यादं यांच्या कारणाने, तुमच्या नाही.

टीपकागद

एवढं उडवून लावण्यासारखं नाही ते. आठवण करून देणारं वाक्य काढून टाकलं तर नियम तोच राहायला हवा. कोहिअरन्सचं वाक्य काढून बघा. आपल्याच चुकीच्या हालचालीने तुटलेल्या युनिटमधली मॉडेल्स काढताना मेल्यावर लढणाऱ्या अॅबिलिटीज चालू झाल्या असत्या. म्हणजे ते वाक्य काम करतंय. अपवाद आहे तो, टीप नव्हे. आणि अपवाद लिहावा लागला याचा अर्थ मूळ नियम उलट दिशेचा आहे.

फाशांचा धनी

हं. असं मांडलंत तर चालेल. पण मग पुरावा 'इथे नाही' हा राहिला नाही, 'मूळ नियम काय' हा झाला.

टीपकागद

तेच तर म्हणतोय पहिल्यापासून 🙂

कार्डवाला

कार्ड माझं आहे. कोणी मला विचारणार आहे की नाही?

मला वॉकर मरूच द्यायचा नव्हता. कॅम्पेनच्या पहिल्याच लढाईत कोणाचं लाडकं मॉडेल संपू नये, एवढाच विचार होता. कॅप्टनला बक्षीस, डिमाइज वगैरे काहीही चालू व्हायला नको होतं. साचा मी डेटाशीटवरून घेतला कारण तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे. लेखक स्वतः सांगतोय म्हटल्यावर विषय मिटायला हरकत नाही.

आळशी रंगारी

घ्या! मिटलं.

षट्कोनी

मिटलं कसं? कार्डवाले, तुम्ही टेबलाशी नव्हतात. टेबलाशी कार्ड होतं. समोरच्याने कॅप्टन वॉकरवर घालायचा निर्णय त्या कार्डावरचे शब्द वाचून घेतला. तुमच्या मनातलं वाचता आलं असतं तर त्याने कॅप्टन कदाचित दुसरीकडे नेला असता.

जुनं प्यादं

लेखक हयात आहे आणि हेतू माहीत आहे, असं क्वचित घडतं. म्हणून या धाग्यात मजा आहे. तरी मी षट्कोनींच्या बाजूचा. यावर या खेळातच एक जुना दाखला आहे, नव्या लोकांना माहीत नसेल.

आठवी आवृत्ती, २०१७. प्लाझ्मा गन जास्त ताकदीने मारायची तर नियम असा, की हिट रोल (नेम लागला का ते ठरवणारा फासा) १ आला तर चालवणारा ठार. सगळ्यांना वाटलं, फाशावर १ दिसला तर. पण 'हिट रोल' म्हणजे वजाबाकी-बेरीज करून आलेला आकडा. समोरच्या युनिटला मारताना −१ असेल तर फाशावरचा २ सुद्धा १ होतो आणि प्लाझ्मावाला जळून जातो. शत्रू अंधुक दिसतो म्हणून माझी बंदूक माझ्याच हातात फुटते, याला काही तर्क आहे का? काडीचाही नाही. उलट +१ मिळाला की १ चा २ व्हायचा आणि बंदूक फुटायचीच नाही. कोणी मुद्दाम असं ठरवलं असेल यावर माझा विश्वास नाही. पण शब्द तसे होते, खुलासाही शब्दांच्या बाजूने आला, आणि लोक तसंच खेळले. २०२० च्या नवव्या आवृत्तीत वाक्यात 'अनमॉडिफाइड' घुसवला तेव्हा कुठे ते थांबलं. दहाव्यात तर हिट रोलशी नातंच तोडलं: हॅझर्डस, अटॅक झाल्यावर वेगळा फासा.

हेतू नियमात आणायचा रस्ता हाच. शब्द बदला. बदलल्या दिवसापासून नवा अर्थ चालेल, आधीचे सामने आधीच्या शब्दांवर.

अर्धा इंच

त्याच काळातलं दुसरं: 'फसलेले हिट रोल पुन्हा टाका'. री-रोल (फासा पुन्हा टाकणं) मॉडिफायरच्या, म्हणजे बेरीज-वजाबाकीच्या, आधी. ३+ लागतात, −१ आहे, फाशावर ३ आला. री-रोलच्या क्षणी तो फसलेला नाही, म्हणून परत टाकता येत नाही. मग −१ लागतो आणि तोच ३ फसतो. २ आला असता तर बरं, परत टाकता आला असता! नवीन माणसाला हे समजावताना माझा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. पुढे शब्द 'हिट रोल पुन्हा टाकता येईल' असे सरळ केले.

कार्डवाला

म्हणजे अर्थ मूर्खपणाचा निघतोय हे सगळ्यांना दिसत असतानाही तो तसाच पाळायचा? अभिमानाने सांगताय जणू.

अर्धा इंच

अभिमान नाही. पण मूर्खपणाचा का होईना, सगळीकडे एकच निकाल होता. अनोळखी माणसासमोर बसलं की तेवढं पुरतं.

नेक्रॉनप्रेमी

पुन्हा उठण्याबद्दल बोलताय आणि नेक्रॉनना, या खेळातल्या यंत्रमानवांच्या सैन्याला, विचारलं नाही! आमचे लोक कित्येक आवृत्त्यांपासून उठताहेत. रीअॅनिमेशन प्रोटोकॉल्सचा दाखला सरळ लागू होतो: उठला तो मेलाच नव्हता. त्यामुळे मोजपट्टींचं बरोबर.

फाशांचा धनी

कोणत्या आवृत्तीचा दाखला? कारण ते नाव एकच आहे आणि त्याखाली नियम दर वेळी नवा.

तिसऱ्या आवृत्तीच्या काळात 'वी'ल बी बॅक': पडलेलं मॉडेल आडवं ठेवायचं, पुढच्या आपल्या टर्नच्या सुरुवातीला ४+ वर उठायचं. २०११ च्या पुस्तकात नाव बदलून रीअॅनिमेशन प्रोटोकॉल्स झालं, फासा फेजच्या शेवटी, ५+ वर. २०१५ ला तेच नाव, पण आता वूंड लागतानाच फासा, आला तर वूंड टळली. मॉडेल पडतच नाही. २०१७ ला परत टर्नच्या सुरुवातीला, आणि अख्खं युनिट गेलं असेल तर फासाच नाही. २०२० ला समोरच्या युनिटचे अटॅक संपल्यासंपल्या. २०२३ ला कमांड फेजच्या शेवटी डी३ वूंड भरून निघतात, तेही टेबलावर असलेल्या युनिटच्याच.

'उठला तो मेलाच नव्हता' हे २०१५ च्या नियमाला लागू आहे, कारण तो प्यादं यांच्या पहिल्या जातकुळीतला. २०११ च्या नियमाला नाही. जातकुळी नावावरून ठरत नाही. फासा कधी टाकायचा आणि काय टळतं, यावरून ठरते. मोजपट्टींच्या कार्डाचा सख्खा भाऊ शोधायचाच तर तो २०११ वाला, फेजच्या शेवटचा.

नेक्रॉनप्रेमी

२०१५ वालं सगळ्यात भारी होतं पण. कोणी काही मरतच नव्हतं. ते दिवस गेले.

अर्धा इंच

समोर बसलेल्यांना विचारा ते दिवस कसे होते.

पाणिनीचा शेजारी

अवांतर, पण राहवत नाही. हे सगळं व्याकरणवाल्यांनी फार आधी करून ठेवलंय. दोन नियम एकाच जागी भांडले तर पाणिनीकडे सोय आहे: बरोबरीचे असतील तर नंतर सांगितलेला जिंकतो. आणि सामान्य नियमापुढे अपवाद नेहमी बलवान, मग तो आधी असो की नंतर. पुढे टीकाकारांनी यावर जे युक्तिवाद केलेत ते वाचले तर तुमची ही हुज्जत बालवाडी वाटेल.

मात्र तो अधिकार भांडण असेल तरच. मोजपट्टींच्या उदाहरणात दोन नियमांचं भांडणच नाहीये. डिमाइज म्हणतो उडा, कार्ड म्हणतं उठा. दोन्ही एकामागोमाग करता येतात. करता येत असेल तर दोन्ही करायचं. लोक 'माझं कार्ड खास आहे म्हणून ते जिंकतं' म्हणायची घाई करतात, आधी हरणारं कोणी आहे का ते बघत नाहीत.

षट्कोनी

दंडवत. हा मुद्दा प्रिंट काढून टेबलावर लावतो.

अर्धा इंच

एक्स-विंग या अवकाशयानांच्या खेळात हे सोनेरी नियमांतच लिहून टाकलं होतं: कार्ड आणि नियमपुस्तक भिडले तर कार्ड खरं, आणि कार्डावर 'कॅनॉट' असेल तर त्याच्यावर कोणाचीच मात्रा चालत नाही. तिथेही डिस्ट्रॉय झालेलं जहाज लगेच उचलत नाहीत. त्याच इनिशिएटिव्हच्या (पाळीच्या क्रमांकाच्या) सगळ्यांची गोळाबारी होऊ देतात, मग उचलतात. तोवर मेलेलं जहाज परत मारू शकतं.

फाशांचा धनी

छान आहे, पण दाखला म्हणून शून्य. दुसऱ्या कंपनीचा दुसरा खेळ. तिथला शब्द इथे आणला की उद्या कोणी बुद्धिबळातला प्यादा वजीर होतो म्हणून प्रमोशन मागेल.

जुनं प्यादं

मला मध्ये घेऊ नका 😄

स्वस्थ पंच

मी स्पर्धांमध्ये पंचाचं काम करतो, म्हणून दुसऱ्या बाजूने. एवढा कीस काढायला तुम्हाला इथे वेळ आहे. टेबलाशी घड्याळ चालू असतं. आठव्या आवृत्तीच्या पुस्तकात स्पष्टच लिहिलं होतं, एकमत होत नसेल तर फासा टाका आणि पुढे चला, नंतर बोला. मोजपट्टी आणि त्यांच्या मित्राने नेमकं तेच केलं. उत्तम केलं.

युद्धखेळाच्या इतिहासात हा वाद जुनाच आहे. प्रशियात राइसविट्झने १८२४ साली क्रीग्सश्पील छापला तेव्हा तो फासे, तक्ते, मोजमापांनी भरलेला होता, आणि वर पंच. पुढे अधिकारी तक्त्यांना कंटाळले. १८७६ मध्ये फेर्डी दु व्हेर्नुआ यांनी तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निर्णयावर खेळ चालवायची पद्धत मांडली. वेगवान, सुटसुटीत. फक्त पंचाच्या जागी तितका अनुभवी माणूस हवा, आणि खेळणाऱ्यांनी त्याचं ऐकायला हवं. सैन्यात ते जमतं, वरिष्ठ सांगेल ते खाली ऐकतात. आपल्यात पंच म्हणजे कालच्या फेरीत तुमच्याकडून हरलेला माणूस. म्हणून मी लिहिलेल्या शब्दावर चालतो. शब्दाने कोणाचा अपमान होत नाही.

आणि एक. एकदा एका टेबलावर दिलेला निर्णय मी त्या दिवशी सगळ्या टेबलांवर तोच ठेवतो, नंतर मला स्वतःला तो पटेनासा झाला तरी. दिवस संपल्यावर बदलतो.

आळशी रंगारी

बरं, शब्द तर शब्द. मग शब्दावरून हे सांगा: आमच्या मिशनच्या कागदावर गुण असे आहेत, «लढाई संपताना टेबलावर नसलेल्या शत्रूच्या प्रत्येक व्हेइकलमागे २ गुण». वॉकर उठून शेवटपर्यंत टिकला. कॅप्टनला अटॅक मिळाला म्हणता, मग हे २ गुणही द्यायचे?

जुनं प्यादं

नाही. हा चांगला प्रश्न आहे. कॅप्टनचं कार्ड घटना मोजतं: डिस्ट्रॉय केलं, की लगेच. मिशनचा कागद स्थिती बघतो: शेवटी टेबलावर आहे का. वॉकर आहे, गुण नाहीत. तोच वॉकर, दोन उत्तरं, विरोध काहीच नाही. इथे 'लढाईत डिस्ट्रॉय झालेल्या' असं लिहिलं असतं तर गुण द्यावे लागले असते.

आळशी रंगारी

हे पटलं. (नाइलाजाने.)

मोजपट्टी

सगळं वाचतोय. दरम्यान एक गोष्ट राहिली होती, जागेची. वॉकर पडल्यावर मी तो उचलून बाजूला ठेवला. मग समोरच्याच्या युनिटने ३ इंच कन्सॉलिडेट केलं (लढून झाल्यावर सरकणं) आणि बरोबर त्या रिकाम्या जागेवर येऊन बसले. फेजच्या शेवटी 'जिथे डिस्ट्रॉय झाला' ती जागा कुठली, यावर परत पाच मिनिटं. मी म्हणतो ऑब्जेक्टिव्हच्या (ताब्यात घ्यायची जागा) अलीकडे, तो म्हणतो पलीकडे.

अर्धा इंच

मॉडेल उचलण्याआधी बेसच्या मध्याखाली छोटा फासा किंवा टोकन ठेवायचं. मोठ्या बेसला दोन ठेवा, पुढच्या आणि मागच्या कडेला, म्हणजे तोंड कुठे होतं तेही कळतं. समोरच्याला दाखवून ठेवा. कन्सॉलिडेट करताना त्यांनी त्यावर उभं राहायला हरकत नाही, टोकन आहे ते, मॉडेल नाही. शेवटी टोकनापासून टेप टाकून, एंगेजमेंट रेंजच्या बाहेर, म्हणजे आडवं १ इंच आणि उभं ५ इंच सोडून, सगळ्यात जवळची जागा. सारख्या अंतरावर दोन जागा असतील तर मांडणारा निवडतो, असं आम्ही धरतो.

कार्डवाला

ठीक आहे, तुमच्याच पद्धतीने. कार्ड बदललंय. पुढच्या लढाईपासून:

«हे मॉडेल पहिल्यांदा डिस्ट्रॉय होणार असेल तेव्हा, त्याऐवजी एक डी६ टाका. २+ आल्यास ते डिस्ट्रॉय होत नाही व त्याच्या ३ वूंड शिल्लक राहतात.»

डिमाइज नाही, कॅप्टनला अटॅक नाही, टोकन नाही, टेप नाही. आता बोला.

टीपकागद

स्वच्छ आहे. यात खोट काढायची तर मेहनत लागेल.

षट्कोनी

मेहनत नको, धाग्यातली पहिली पोस्ट पुरे. कॅप्टनचे दोन अटॅक उरले होते. जुन्या कार्डाप्रमाणे वॉकर टेबलावर नव्हता, म्हणून ते वाया गेले, आणि फाइट फेजमध्ये नंतर लढणाऱ्या त्यांच्या बाकी युनिटलाही मारायला समोर काही नव्हतं. नव्या कार्डाप्रमाणे तो ३ वूंडांवर तिथेच उभा आहे. उरलेले दोन अटॅक त्याच्यावरच पडणार. त्यातून वाचला तर शेजारचं युनिट आहेच. आणि आता 'पहिल्यांदा' वापरून झालंय.

जुनं प्यादं

अगदी. फेजच्या शेवटपर्यंत थांबणं हीच जुन्या कार्डाची ढाल होती. मरून बाजूला गेला म्हणून वाचला.

कार्डवाला

मग 'फेज संपेपर्यंत त्याला आणखी वूंड जात नाहीत' असं जोडतो.

फाशांचा धनी

मग तो फेज संपेपर्यंत दारात उभा राहून रस्ता अडवणार, आणि कोणी त्याला हलवू शकणार नाही. बेसचा आकार बघा वॉकरचा. चार्ज करून आलेलं अख्खं युनिट त्याच्या मागे अडकेल. कन्सॉलिडेटही नीट होणार नाही. जोडा खुशाल, पण मग ते २+ वर फार होतंय. ४+ करा.

मोजपट्टी

कार्डवाले, एक विनंती. जुनंच राहू द्या.

हिशेब मांडून बघितला. जुन्या कार्डात डिमाइजचा सहा येण्याची भीती आहे आणि समोरच्याला एक अटॅक जातो. बदल्यात माझा वॉकर ३ वूंड घेऊन पूर्ण फेज सुरक्षित राहतो, सहांपैकी पाच वेळा. नव्या कार्डात तो त्याच जागी दोनदा मरेल. आणि डिमाइजची काळजी मला घ्यायची आहे, बाकी युनिट सहा इंचांच्या बाहेर ठेवीन, एवढंच.

कार्डवाला

म्हणजे मला जे द्यायचं होतं त्यापेक्षा चांगलं तुम्हाला चुकून मिळालं होतं, आणि तुम्ही त्याबद्दलच तक्रार करत होता?

मोजपट्टी

अर्थ कळेपर्यंत तक्रार होती.

कार्डवाला

राहू दे जुनं. कॅप्टनवाल्याला सांगून टाका, नाहीतर तो वेगळा धागा काढेल.

अर्धा इंच

जाता जाता एकच. फेजच्या शेवटी त्याचंही काही चालू होणार असेल, समजा ऑब्जेक्टिव्ह कोणाच्या ताब्यात आहे ते फेजच्या शेवटी बघायचं असेल, तर वॉकर आधी उठतो की ताबा आधी बघायचा?

स्वस्थ पंच

ज्याचा टर्न, तो क्रम ठरवतो. त्याची फाइट फेज असेल तर तो ताबा आधी बघेल, आणि वॉकर रिकाम्या हाताने उठेल. तुमच्या टर्नमध्ये मेलात तर तुम्ही ठरवाल.

मोजपट्टी

म्हणजे मरायचं तर आपल्या टर्नमध्ये. नोंद केली.